पाचर

पुतू गांवकर, वय एकसष्ट, गाव सत्तरीतलं.
कमरेचा चांदीचा करदोटा काढायला
दहा मिनिटं घेतो.
लग्नानंतर एकदाही उतरवला नाही म्हणतो,
आणि माझ्या हातात देताना
त्याची पावती मागतो.

तक्रार एकच. वास येत नाही.
फेब्रुवारीपासून, ऐन बोंडूंच्या मोसमात.
कोळंबीत तुडवलेला रस तीन दिवसांनी उसळला
की भाणाखाली जाळ कधी घालायचा
हे नाक सांगायचं.
आता पुतण्याला विचारावं लागतं.
पुतण्या कंटाळला की खोटं बोलतो.

बांबोळीच्या टेकडीवरचं आमचं चुंबक
झोपत नाही. तीन टेस्ला.
ते बसवलं तेव्हा कोईमतूरचा पेरियसामी
चार दिवस पोकळीच्या कडेने
लोखंडाच्या चकत्या खणांत सरकवत होता.
एक घाल, मोज. काढ, पुन्हा मोज.
दशलक्षात एका भागाचा उंचसखलपणा
त्याला चालत नव्हता.
जेवायला बोलावलं तरी बोट वर करायचा, थांबा.

मला बाबा आठवले. शिरोड्याचे चारी,
देवळाची चौकट बसवताना
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
फणसाच्या लाकडाची चिपळी ठोकत राहणारे.
लोक म्हणतात, पाचर मारली म्हणजे काम मोडलं.
आमच्या घरी पाचर मारली
की दार लागायचं.

पण रिकामी पोकळी सपाट करणं सोपं.
डोकं आत गेलं की सगळं बिनसतं.
डोकं म्हणजे नुसता मेंदू नव्हे,
कपाळामागे, नाकाच्या मुळाशी, कानांत
हवेच्या खोल्या आहेत,
आणि हवा आणि मांस
चुंबकाला सारखं जुमानत नाहीत.
त्यांच्या सीमेवर फील्ड वाकतं, चित्र ताणतं,
मग पुसलंच जातं.
चुंबक जितकं जोरकस, डाग तितका मोठा.
हे पटायला मला वर्ष लागलं.

आणि नेमका तिथेच, नाकाच्या छपरावर,
वास ओळखणारा तुकडा टेकलेला.
ज्या हवेतून वास वर जायचा
तीच हवा त्याचं चित्र खाते.

नकाशा काढते. सगळीकडे हिरवं,
भुवयांच्या वर लालभडक बेट.
कॉइल्समध्ये प्रवाह सोडते, मिलिअँपिअर मोजून,
एक उताराचा, एक खोगिरासारखा वाकलेला.
कपाळाशी दाबलं की कानांपाशी फुगतं,
ओल्या भिंतीवरच्या रंगासारखं.
पुन्हा.
तो श्वास घेतो, छाती वर होते,
तेवढ्यानेही आकडे हलतात.

माइकवर म्हणते, थोडा वेळ श्वास रोखा.
आतून घुमत आवाज येतो,
"बाये, श्वास धरून वास कसो येतलो?"
मला हसू येतं. बटण चुकतं.
पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी कान सोडून दिले.
चौकट लहान केली, छपरापुरती,
काप पातळ घेतले, जरा तिरके.
रात्रीचे सव्वानऊ.
पडद्यावर हळूहळू उमटला
तांदळाच्या दाण्याएवढा डावा कंद,
थोडा सुकलेला वाटला,
पण वाटणं हे माझं काम नाही.
उजव्याच्या टोकाशी काळोख उरला.
आणखी दोन प्रयत्न केले, तो गेला नाही.
बाबांचीही एक चौकट अशीच राहिली होती,
पावसाळ्यात कुरकुरायची.

डॉक्टर फर्राव यांच्यासाठी टीप लिहिली:
उजवीकडचा काळोख रुग्णाचा नाही.
आमचा आहे.

बाहेर करदोटा परत दिला,
त्याने पावती फाडली, कचरा कुठे टाकू विचारलं.
शर्ट घालताना
सवयीने कॉलर नाकाशी नेली,
क्षणभर तशीच धरली.

मी टेबलावरचे कागद
सारखे करत राहिले.